पाखरू कोण वाजवतंय?

आमचे अण्णा रस्त्यानं चालताना कधी समोर बघायचे नाहीत. मान वर, नजर घरांच्या माथ्यावर आणि हातात काठी म्हणून अँटेनाची ॲल्युमिनियमची नळी. राजारामपुरीतल्या रिक्षावाल्यांना हे माहीत होतं, त्यामुळे अण्णा गल्लीतून बाहेर पडले की रिक्षाच त्यांना चुकवून जायच्या. उभं आयुष्य लोकांच्या घरांवर टीव्हीचे अँटेना बसवण्यात गेलेला माणूस. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण कुणाच्या घरावर किती नळ्यांचा अँटेना होता आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. समोरच्या दातांच्या डॉक्टरांना ते अखेरपर्यंत ‘आठ नळ्या’ म्हणत. डॉक्टरांच्या गच्चीवरचा अँटेना गेला, डिशची छत्री आली, छत्री जाऊन वायफाय आलं, तरी डॉक्टर आठ नळ्याच राहिले.

मी त्यांची भाडेकरू. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत सहा वर्षं राहिले. मी जवळच्याच एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि मला ड्रोन जोडायची हौस आहे. तळहातावर मावतील एवढे छोटे ड्रोन, स्वतः सोल्डरचा डाग देऊन जोडलेले, रविवारी नृसिंहवाडीजवळ मामाच्या शेतात नेऊन उडवायचे. एकटी बाई, त्यात सामानात तारा, सोल्डर आणि पंखे, हे बघून त्याआधी चार घरमालकांनी मला दारातूनच वाटेला लावलं होतं. अण्णांनी मात्र माझी जात विचारली नाही, की लग्न का केलं नाही हेही विचारलं नाही.

“गाव कुठलं?” एवढंच विचारलं.

“वाडीजवळ. नदीकाठी.”

“तिकडं चित्र कसं यायचं?”

“मुंग्या असायच्या,” मी म्हणाले. जुन्या टीव्हीवर चित्राच्या जागी जे काळे-पांढरे ठिपके वळवळायचे, त्यांना आमच्याकडे मुंग्या म्हणत.

“असणारच की. सखल भाग. तुमच्या वडिलांनी बांबू किती उंच लावलाता?”

बांबूची उंची सांगून झाल्यावर त्यांची नजर माझ्या खोक्यावर गेली. ड्रोन बाहेर काढून दाखवला तर त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. रिमोट मात्र दोन्ही हातांत घेतला, त्याच्या अँटेनावरून अंगठा फिरवला.

“तार न्हाय?”

“नाही.”

“किती लांबनं ऐकतंय?”

“नदीच्या ह्या काठावरून त्या काठापर्यंत.”

“मग राहायला कवा येतासा?”

अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, नवीन भाडेकरू आल्याचं कळलं ते सामानाचा टेम्पो दारात लागल्यावर. त्यांनी माझ्याकडं बघितलं, टेम्पोकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या. अक्कांचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे राग आला की त्यांची भाषा बदलायची. पुढं ओळख वाढल्यावर मी अर्थ विचारला. त्या म्हणाल्या होत्या, “आणलं का आणि एक भंगार गोळा करून?”

भंगार म्हणण्यात अक्कांचं काही चुकत नव्हतं. गच्चीवर पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यात काढून आणलेले शे-दीडशे अँटेना होते. टाकायचा एकही नाही. गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दांड्या अँटेनाच्या, दोडक्याचा वेल चढवला होता तो अँटेनावर, आणि अक्कांचे पापड वाळायचे तेसुद्धा अँटेनावर ताणलेल्या धोतरावर. पाऊस सुरू झाला तेव्हा माझ्या खोलीचा एक कोपरा गळायला लागला. अण्णांनी गवंडी बोलावण्याऐवजी माझं ड्रोनचं खोकं उचलून त्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. “हितं ओल धरत न्हाय. माझी जबाबदारी,” म्हणाले. ह्या वाक्याकडं मी तेव्हा नीट लक्ष द्यायला पाहिजे होतं.

अण्णांचा आवाज हा एक वेगळाच विषय आहे. अँटेना बसवायची त्यांची पद्धत अशी: एक माणूस गच्चीवर, एक खाली टीव्हीपुढं. वरच्यानं अँटेना बोटभर फिरवायचा आणि ओरडायचं, “आलं का?” खालच्यानं ओरडायचं, “न्हाय, मुंग्या!” आणखी बोटभर. “आता?” “आलं, आलं... गेलं!” परत बोटभर मागं. “साफ?” “साफ हाय, सोडा!” मग वरच्यानं दोन्ही हात अलगद काढून घ्यायचे, कारण हात काढताना धक्का लागला की सगळं मुसळ केरात. इतकी वर्षं असं ओरडण्यात गेल्यामुळे अण्णांना हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. जेवताना मीठ मागितलं तरी समोर डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंट दचकायचा.

आणि खाली टीव्हीपुढं ओरडणारा माणूस कोण, तर अक्का. धंदा नवा होता, मदतनीस टिकत नव्हता, तेव्हा नव्या लग्नाच्या अक्का अण्णांच्या मागं स्कूटरवर बसून घरोघर जायच्या. डोक्यावरचा पदर दातांत धरून परक्यांच्या दिवाणखान्यात उभ्या राहायच्या आणि ओरडायची वेळ आली की पदर सोडायच्या. त्यांचा डोळा आणि कान दोन्ही तिखट. शेजारच्या गल्लीतल्या कुकरची कितवी शिट्टी झाली ते त्या आपल्या ओट्यापाशी उभ्या राहून सांगायच्या. “हिनं साफ म्हटलं की साफ,” अण्णा सांगायचे, “घरमालकाचं मी ऐकतच नव्हतो.”

एवढा एक अपवाद सोडला तर अण्णा कुणाचंच ऐकायचे नाहीत आणि स्वतःची चूक तर कधीच कबूल करायचे नाहीत. दूध उतू गेलं तर गॅसचा दाब वाढलेला असायचा. स्कूटर गेटवर आदळली तर गेट सरकलेलं असायचं. एकदा त्यांनी एका वकिलांच्या घरावर अँटेना चक्क उलट्या तोंडानं बसवला. दुसऱ्या दिवशी वकील तक्रार घेऊन आले. अण्णा वर चढले, बघितलं, गुपचूप अँटेना फिरवला आणि खाली येऊन म्हणाले, “टॉवरवाल्यांनी काल दिशा बदलली. मी जुळवून दिलंय.” वकिलांनी चहा पाजला आणि ही बातमी चार जणांना सांगितली. मग आठवडाभर लोक बोलवायला यायला लागले, आमचा बी नव्या दिशेला करून द्या. अण्णा प्रत्येक गच्चीवर चढून अँटेनाला नुसता हात लावून उतरत होते.

हे मला अक्कांनी सांगितलं, दोडका सोलता सोलता. “निम्म्या राजारामपुरीला ह्यांनी येड्यात काढलं,” त्या म्हणाल्या, “पण ‘माझं चुकलं’ एवढं दोन शब्द तोंडातनं आलं न्हाईत. शेहेचाळीस वर्सं वाट बघालोय मी.”

कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि मिठाचं पाणी होतं. पावसाळ्यात अण्णांचं आणखी एक व्रत असायचं. जुन्या मेकॅनिक लोकांची समजूत अशी की यंत्र बंद ठेवलं की आत ओल धरते, म्हणून ते रोज थोडा वेळ चालू करून गरम केलं पाहिजे. जुन्या रेडिओच्या बाबतीत त्यात तथ्यही असेल. अण्णा मात्र रेडिओवर थांबायचे नाहीत. दुपारी जेवून वामकुक्षी झाली की त्यांची फेरी सुरू व्हायची. रेडिओ गरम करायचे, बंद पडलेला टीव्ही गरम करायचे, इस्त्री गरम करायचे, टॉर्च भिंतीकडं तोंड करून पेटवून ठेवायचे. मिक्सर रिकामाच फिरवायचे. अक्का खालून ओरडायच्या, “आवो, त्यात काय वाटालायसा?” आणि अण्णा वरून सांगायचे, “ओल!”

अण्णांना ड्रोनमध्ये रस नव्हता, पण रिमोटमध्ये फार होता. मी त्यांना एकदा समजावून सांगितलं की रिमोट चालू केला की तो ड्रोनला सेकंदाला कितीतरी वेळा हाक मारतो, ड्रोन ओ देतो, आणि ओ आली नाही तर रिमोट पूर्ण जोर लावून हाका मारतच राहतो. अण्णांनी थोडा विचार केला. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं मान करून म्हणाले, “आमच्यात बी तसंच हाय.”

त्या वर्षी श्रावणात त्यांच्या मुलीनं पुण्याहून एक बिनतारी बेल पाठवली. बटण गेटवर लावायचं, डबा आत ठेवायचा. आई-वडील म्हातारे झाले, दारात कोण आलं ते कळत नसेल, ही तिची काळजी. अक्कांना आधी रागच आला. “मला काय ऐकू येत न्हाय व्हय?” पण बेलमधून एका पाखराचा आवाज यायचा आणि तो त्यांना आवडला. डबा त्यांनी स्वयंपाकघरात देवळीशेजारी ठेवला आणि त्याला पाखरू म्हणायला लागल्या. पाखरू वरडलं, बघा कोण आलंय.

पण लावल्यापासूनच पाखरू उगाचच ओरडायला लागलं. दुपारी तीनच्या सुमाराला अक्का निवडत-टिपत बसलेल्या असायच्या. पाखरू ओरडायचं. गुडघे दुखत असताना त्या भिंतीला धरून उठायच्या, स्वयंपाकघरातून पुढचा सोपा, सोप्यातून पायऱ्या, पायऱ्यांवरून गेट. तिथं कोणी नाही. परत येऊन बसल्या की पाखरू परत. कधी पाच वेळा, कधी सात वेळा. आधी मांजरावर संशय गेला, मग आठ नळ्यांच्या पेशंटांवर.

मग मीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. एका रविवारी मामाच्या शेतात जायच्या आधी मी खोलीत रिमोट चालू करून बघितला आणि खाली पाखरू ओरडलं. बंद केला, थांबलं. परत चालू केला, परत ओरडलं. कारण शोधायला मला दहा मिनिटं लागली. ती स्वस्तातली बेल आणि माझा लांब पल्ल्याचा रिमोट, दोघांच्या लहरी जवळजवळ एकाच पट्ट्यातल्या. रिमोट ड्रोनला हाक मारत होता आणि बेलला वाटत होतं आपल्यालाच बोलावतंय. शोध लागल्याच्या आनंदात मी खाली जाऊन अक्कांना हे सगळं सांगितलं.

“म्हंजे रोज दुपारी तुमी वाजवतासा,” अक्का म्हणाल्या.

“अक्का, दुपारी मी क्लासमध्ये असते.”

“तुमी असतासा. यंत्र तर हितंच असतंय न्हवं?”

ह्यावर फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली बाई स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेली. मी रिमोट उघडला. बटण ठीक होतं, जोडणी ठीक होती. पण एक गोष्ट खटकली. रविवारी पूर्ण भरलेली रिमोटची बॅटरी बुधवारपर्यंत निम्मी झाली होती. बंद यंत्राची बॅटरी अशी उतरत नाही. म्हणजे रिमोट दुपारी आपला आपण चालू होत होता. मी अण्णांना म्हणाले, “आत ओल गेली असेल.”

“ओल?” अण्णा म्हणाले. “शक्यच न्हाय.”

इतक्या खात्रीनं म्हणाले की खरं तर मी तिथंच विचारायला हवं होतं, शक्य का नाही.

गुरुवारी मी रिमोटमधून बॅटरीच काढून खोक्यात बाजूला ठेवली आणि क्लासला गेले. संध्याकाळी आले तर अक्का पायरीवरच बसल्या होत्या. “सहा बारी वाजलं,” त्या म्हणाल्या. मी धावत गच्चीवर गेले. बॅटरी जिथं ठेवली होती तिथंच होती. मी आनंदानं खाली आले आणि जाहीर केलं की बॅटरी नसलेला रिमोट काहीही करू शकत नाही, तेव्हा दोष माझ्या यंत्राचा नाहीच.

अक्कांनी गुडघ्यावर हात ठेवला. “तुमी शिकलेल्या,” त्या म्हणाल्या. “पण ऐका माझं. माझ्या गुडघ्यात आता राम न्हाय. ह्या रविवारपतोर हे कोण वाजवतंय ते कळलं न्हाय, तर तुमचं यंत्र हितनं जाईल. आणि यंत्राबिगर तुमी ऱ्हाणार न्हाईसा, ते मला ठाऊक हाय. मग तुमी बी खोली बघा.”

हे बोलताना त्या माझ्याकडं नाही, जिन्याकडं बघत होत्या. जिन्यात अण्णा उभे होते.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी हिशेब मांडत होते. चार घरमालकांची दारं आठवली. क्लास पाच मिनिटांवर, अक्कांच्या हातचं दोडक्याचं भरीत, आणि सोल्डरचा वास आला तर नाक मुरडण्याऐवजी “काय जोडालायसा?” विचारणारा माणूस खाली. हे मला पुन्हा कुठं मिळणार होतं? खरं सांगायचं तर मला ते घर सोडायचं नव्हतं आणि ते कळून मीच जरा चकित झाले.

अण्णा मात्र तपासाला लागले होते. हा माणूस संकटात फुलायचा. एक जुना अँटेना घेऊन ते गच्चीभर फिरत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खाली ओरडून विचारत होते. कुरियरवाल्याला म्हणाले, “ओ पावणं, खिशात काय वाजणारं हाय का?” आठ नळ्यांच्या गाडीच्या किल्लीवर संशय घेतला. मग विमानतळावर, मग शहर बसवर. शेवटी लहरी रंकाळ्याच्या बाजूनं येतात असं ठरवलं आणि तिकडं तोंड करून अर्धा तास उभे राहिले. शुक्रवारी मी म्हणाले की रिमोट मी क्लासला घेऊनच जाते, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. अण्णांनी खोकं माझ्या हातातून काढून घेतलं. “पावसात न्हेतासा? ओल धरंल.”

शनिवारी क्लासमधली वीज गेली म्हणून दुपारी मी लवकर परतले. गेट उघडंच होतं. मी सरळ वर गच्चीवर गेले. पत्र्याच्या खोलीत अण्णा खुर्चीवर बसले होते, शेजारी रेडिओ मंद आवाजात चालू, टॉर्च भिंतीवर पेटलेला, इस्त्री तापत ठेवलेली. आणि मांडीवर माझा रिमोट. बॅटरी बसवलेली, हिरवा दिवा लागलेला. अण्णा बनियनच्या टोकानं त्याचा अँटेना पुसत होते, एखाद्या नातवाचं नाक पुसावं तसा.

तेवढ्यात खाली पाखरू ओरडलं.

अण्णांनी मान वर केली, मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “बघा,” ते म्हणाले, “वाजलं. आणि तुमी तर घरात बी नव्हतासा. आता हिला सांगतो, मॅडमचा काय बी दोष न्हाय.”

मी नुसती त्यांच्या मांडीकडं बघत राहिले. हळूहळू त्यांची नजर माझ्या नजरेमागून खाली गेली. रेडिओवर कुणीतरी कांद्याच्या पिकावर बोलत होतं. अण्णांनी रिमोटचं बटण बंद केलं. पाखरू थांबलं. खाली अक्का गेटपासून परत येत होत्या, पायऱ्यांवर त्यांचा कण्हल्याचा आवाज आला.

“मी लावला नव्हता,” अण्णा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. “नुसता गरम करत होतो.”

“रोज?”

“अर्धा तास. जबाबदारी घेतलीती न्हवं.”

“आणि बॅटरी काढून ठेवली होती, त्या दिवशी?”

“बसवली. मग होती तशी परत काढून ठेवली. दुसऱ्याची वस्तू हाय, जिथल्या तिथं ठेवाय पायजे.”

मला हसू आणि राग एकदम आला. राग जास्त आला. आठवडाभर माझी झोप उडाली होती, अक्का रोज सहा-सहा वेळा गेटपर्यंत फरपटत गेल्या होत्या, आणि हा माणूस स्वतः वाजवून स्वतःच रंकाळ्याकडं तोंड करून उभा राहत होता. ते लबाडी करत नव्हते हे मला कळत होतं. त्यांच्या लेखी गरम करणं म्हणजे वापरणं नव्हेच, त्यामुळे ह्या दोन गोष्टींचा संबंध त्यांच्या डोक्यात जुळलाच नव्हता.

“हिला सांगू नगासा,” ते म्हणाले. “पावसाळा गेला की आपोआप थांबंल.”

“पावसाळा संपेपर्यंत मी इथं असणार नाही, अण्णा. उद्याच रविवार आहे.”

त्यांनी रिमोटचा अँटेना परत पुसायला घेतला.

“मी नाही सांगणार,” मी म्हणाले. “सांगणार असाल तर तुम्हीच सांगा.” आणि खाली येऊन पेपरातल्या भाड्याच्या जाहिराती बघत बसले.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी उचगावात स्वतःच्या छोट्या फ्लॅटमध्ये राहते. पावसाळा लागला की रोज दुपारी, सुट्टी असली तर, सगळे रिमोट काढून अर्धा तास चालू ठेवते. पोरांना फिजिक्स शिकवणारी बाई आहे मी, असं गरम करण्याचा काडीचा उपयोग नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी करते. समोरच्या फ्लॅटची बेल वाजते की काय, तिकडं जरा कान असतो.

तर तो रविवार. पाऊस उघडला होता. सकाळी दहाला अक्का अंगणात आल्या. त्यांनी पाखराचा डबा आतून काढून हातात घेतला होता आणि गेटकडं पाठ करून उभ्या होत्या. अण्णा गच्चीवर. हातात रिमोट, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. मी गच्चीच्या कठड्यापाशी. चाचणी घ्यायची असं अण्णांनी ठरवलं होतं. चाचणीनं काय सिद्ध होणार ते मला कळत नव्हतं. बहुतेक त्यांनाही कळत नसावं.

अण्णांनी बटण दाबलं. “वाजलं का?”

“वाजलं!” अक्का.

बंद केलं. “आता?”

“न्हाय!”

असं चार-पाच वेळा झालं. दोघांनाही त्यात गोडी लागली होती. कितीतरी वर्षांनी ते दोघं परत कामावर आले होते. समोरचे डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर येऊन उभे राहिले.

मग अक्का खालून म्हणाल्या, “वाजतंय ते कळलं. पण दुपारचं लावतंय कोण? मॅडम तर क्लासात असत्यात. बॅटरी काढली तरी वाजालंय. यंत्राला काय हात फुटल्यात व्हय?”

अण्णांनी वर बघितलं. डॉक्टरांच्या गच्चीकडं, तिथून पुढच्या घरांच्या गच्च्यांकडं, एकेका माथ्यावरून त्यांची नजर फिरत गेली. कुठंही एक अँटेना राहिला नव्हता. टॉवरवर ढकलता येईल असं काही उरलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्याच हातांकडं बघत राहिले. मनात म्हटलं, आता ते विमानतळाचं नाव घेणार आणि मी संध्याकाळी सामान बांधायला घेणार.

“मी,” अण्णा म्हणाले.

“काय?” खालून.

“मी लावतोय. गरम कराय.” एक मोठा श्वास घेतला. “माझं चुकलं!”

अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. डॉक्टरांनी हातमोजे काढले. मी कठड्यावरून खाली वाकून बघितलं. अक्कांनी पाखराचा डबा छातीशी धरला होता आणि पदराचं टोक दातांत पकडलं होतं. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या ते वरून कळेना. मग त्यांनी पदर सोडला आणि मान वर करून ओरडल्या, “मुंग्या यायल्यात! साफ न्हाय!”

“माझं चुकलं!”

“जरा डावीकडं फिरवा!”

अण्णा सवयीनं डावीकडं बोटभर वळले. “माझं चुकलं!”

“आलंतं... गेलं!”

नंतर मी अक्कांना विचारलं की तुम्हाला कधी कळलं. त्या म्हणाल्या, दुसऱ्याच दिवशी. वर मिक्सर थांबायचा, मग इस्त्रीची खटकी वाजायची, आणि मग पाखरू. फेरीचा क्रम त्यांना पाठ होता; तरी गेटपर्यंत जायच्या, खरंच कुणी आलं असलं तर म्हणून. मग मला घराबाहेर का काढत होता, असं मी जरा रागानंच विचारलं. “तुमाला कोण काढतंय? तुमच्यासाठी तरी बोलत्यात का बघालतो,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी कवा बोलले न्हाईत.” आणि गुडघ्याला तेल चोळायला लागल्या.

पण हे नंतरचं. त्या वेळी गच्चीवर अण्णा रिमोट दोन्ही हातांत धरून उभे होते. ते माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या त्या नव्या, हळू आवाजात म्हणाले, “ऐकू आलंय तिला. पयल्या बारीलाच आलंय.”

“मग?”

“मग काय? ती साफ म्हणंपतोर सोडाय येतंय व्हय?”

त्यांनी पाय रोवले, आणखी बोटभर डावीकडं वळले आणि चौथ्यांदा ओरडले. ह्या वेळी खाली अक्कांनी डबा पायरीवर ठेवला. मग अक्कांचा आवाज आला, आधीच्यापेक्षा हळू, पण गच्चीवर नीट पोचला.

“आलं. साफ हाय. सोडा आता.”

अण्णांनी रिमोट कठड्यावर टेकवला आणि त्याच्यावरून दोन्ही हात अलगद काढून घेतले, धक्का लागू न देता.